अव्वल उजवीकडे वळले की शेअर वर

माझ्या भावाला सकाळी घराबाहेर पडायची सोय राहिलेली नाही. दार उघडून त्याने उंबऱ्याबाहेर पाय टाकला की समोरच्या गुंडप्पाच्या हॉटेलात बाकावर बसलेली मंडळी बशीतला चहा तोंडापाशी तसाच धरून थांबतात. तो उजवीकडे वळला की एखाद्याच्या तोंडून हळूच "वर!" निघतं. डावीकडे वळला की बशी खाली ठेवून फोन काढतात. आणि चष्मा विसरला म्हणून तो दारातूनच परत फिरला, तर "थांबा रं, आज काय करू नका," असं एकमेकांना सांगतात. हे सगळं कशासाठी? तर मेघांकुर नावाच्या पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर तिमाही निकालानंतर चढणार की पडणार, हे तुळजापुरातल्या या शहाण्यांना माझ्या भावाच्या चपलांवरून कळतं म्हणून! सांगतानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भावाचं नाव गोपाळकृष्ण. पण गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. तहसील कचेरीत तो अव्वल कारकून होता, म्हणून सगळे त्याला अव्वल म्हणतात. मी वनमाला, त्याची धाकटी बहीण. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि वहिनी गेल्यापासून याच घरात राहते. मी तोंडाची फटकळ आणि तो तोंडाचा बंद. कचेरीत असताना लोक त्याला विचारून विचारून थकायचे, की बाबा, आमच्या फाईलचं काय झालं? हा चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "मला काही माहीत नाही." खरं तर त्याला सगळं माहीत असायचं. कुठली फाईल कुणाच्या टेबलावर आहे, साहेबाने काय शेरा मारलाय, सही कधी होणार, सगळं. पण कचेरीतली गोष्ट कचेरीबाहेर जाऊ द्यायची नाही हे त्याचं व्रत. त्यामुळे गावात म्हणच पडली होती, की अव्वल 'माहीत नाही' म्हणाले म्हणजे काम झालं समजा.

तीच म्हण आता त्याच्या गळ्यात अडकली आहे. आणि अडकवली कुणी, तर त्यानेच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

त्याची एकुलती एक मुलगी देवश्री या मेघांकुरमध्ये हिशेब विभागात आहे. सीए झालेली, हुशार, बापासारखीच मोजकं बोलणारी. दसऱ्याला ती आली होती. दुपारी चार माणसं जेवायला बोलावली होती. त्यात भांड्यांचे व्यापारी शरणबसप्पा होते, दादाचे जुने स्नेही. मोबाईलच्या दुकानवाला युवराजही होता. तो माझा विद्यार्थी, म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. मला काय ठाऊक, की मी विस्तवच पाटावर आणून बसवतेय! श्रीखंड वाढलं होतं, पोर किती तरी महिन्यांनी घरी आलेली, दादाचा ऊर भरून आला असणार. जन्मात कधी न केलेली गोष्ट त्याने केली. फुशारकी मारली. म्हणाला, "कंपनीचे आकडे जगाला नंतर कळतात. आधी ते आमच्या देवश्रीच्या टेबलावरून जातात."

देवश्रीचा घास हातातच राहिला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अण्णा, असं काही नसतं. आणि असलं तरी मी तुम्हाला कधी काही सांगितलंय का? तुम्हाला माझ्या कामातलं काही कळत नाही. ज्यातलं कळत नाही ते बोलत जाऊ नका."

बरोबर बोलली. निकालाच्या आधी अशा कंपनीतल्या हिशेबाच्या माणसांना तोंडाला कुलूप लावावं लागतं. त्यांनी शेअर घ्यायचा नाही, घरच्यांनी घ्यायचा नाही, कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. तसं झालं तर नोकरी जाते, वर चौकशी. पण पाहुण्यांच्या पंगतीत बापाला "तुम्हाला कळत नाही" म्हणायचं हे काही बरोबर नाही. दादा पानावरून उठला नाही, पण पुढे एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे देवश्री पुण्याला गेली. त्यानंतर तिने त्याला फोन केला नाही, आणि त्याने तिला केला नाही. ती म्हणे, "अण्णा रागावलेत, शांत होऊ देत." हा म्हणे, "तिला काम असतं, मी कशाला मध्ये?" मी दोघांना झापलं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून चावून किती चावणार!

इकडे गावाने काय ऐकलं? मुलीने बापाला झापलं, हे ऐकलं का? नाही. आकडे तिच्या टेबलावरून जातात, एवढंच ऐकलं.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीचा निकाल होता. त्या सकाळी दादा घरातून निघाला, उजवीकडे वळला, डेअरीवरून दूध घेतलं आणि येताना गुंडप्पाकडून पावशेर पेढे घेतले. का घेतले? त्याच्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून! साखर कमी झाली म्हणून पेढे आणणारा माणूस माझाच भाऊ. ते पेढे मी त्याला खाऊ दिले नाहीत ही गोष्ट वेगळी. पण युवराजने ते पेढे बघितले. संध्याकाळी निकाल लागला, दुसऱ्या दिवशी शेअर चढला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आमचं घर त्या फांदीखाली सापडलं.

उजव्या-डाव्याचं खूळ कुणी काढलं हे नक्की सांगता येणार नाही, पण मला गुंडप्पाचा संशय आहे. आमच्या देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर काम होणार, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर आहे. लहानपणापासून प्रत्येकाने त्यावर हात ठेवलेले. परीक्षेला, लग्नाला, बदलीला. मीही ठेवलेत. आता आमच्या घरातून निघालं की उजवीकडे डेअरी आहे आणि डावीकडे देऊळ. गुंडप्पा चहा गाळता गाळता म्हणाला असेल, "अव्वल उजवीकडं गेले आन् शेअर वर गेला. आपला चिंतामणीच की!" झालं. हसण्यावारी निघालेली गोष्ट आठवड्याभरात शास्त्र झाली. दिवसातलं पहिलं वळण खरं, नंतरची धरायची नाहीत, हा पोटनियमही निघाला. त्या दगडाचं एक बरं आहे, त्याला सकाळी दूध आणायला जावं लागत नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शरणबसप्पांनी आम्हाला बेंबळीला त्यांच्या शेतावर बोलावलं. येळवस म्हणजे आमच्याकडे गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, भाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढले, मडक्यातलं आंबील फिरायला लागलं. दादाला आंबील जिवापाड आवडतं, पण सर्दी होती म्हणून दुसऱ्यांदा नको म्हणाला. लगेच शरणबसप्पांचा जावई शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणतो, "नको म्हनले. म्हंजे या बारीला मंदी दिसती."

दादाने उंडा खाली ठेवला. "अहो, मला सर्दी झालीय."

"व्हय व्हय, सर्दी," जावई म्हणाला आणि डोळा मारला.

शरणबसप्पांनी जावयाला कानडीत काहीतरी दरडावलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "वनमालाक्का, आमी काय कुणाला सांगत न्हाय. पर खरंच सर्दीच हाय ना?"

त्यांच्यासारख्या सज्जन माणसाने हे विचारावं! मी त्यांना म्हटलं, "अप्पा, नाक वाहतंय ते दिसत नाही का?" तर ते गंभीरपणे दादाच्या नाकाकडे बघत राहिले.

जानेवारीत निकालाची तारीख जाहीर झाली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. मग तर गुंडप्पाच्या बाकावर जागा मिळेना. दादाने सगळे उपाय करून पाहिले. आधी त्याने खरं सांगून पाहिलं. हॉटेलातल्या मंडळींना हात जोडून म्हणाला, "मला काही माहीत नाही हो." सगळे खूश झाले. अव्वल 'माहीत नाही' म्हणाले! मग तो दोन दिवस घराबाहेरच पडला नाही. लगेच बातमी पसरली, की चिंतामणी हलेना, शेअर धरून ठेवा. मग तो मागच्या दाराने, गोठ्याच्या बोळातून देवळात गेला. तर 'अव्वल तोंड चुकवतात' असं ठरलं आणि दुपारपर्यंत काहींनी शेअर विकून टाकले. शेवटी दूध आणायला मी जायला लागले, तर डेअरीवाला मला विचारतो, "बाई, आज अर्धाच लिटर? घरी काय काळजी हाय का?"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. माणूस बोलला तर खोटा, गप्प बसला तर शहाणा, आत बसला तर इशारा आणि बाहेर आला तर कौल. आमच्या देवीला वर्षातून तीनदा मंचकावर निजायला तरी मिळतं. माझ्या भावाला तेवढीही सवड कुणी देईना.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त कशाचा त्रास व्हायचा ते सांगते. दादाला खरोखरच काही माहीत नव्हतं. कंपनीचं राहू द्या, त्याला आपल्या पोरीचं काही माहीत नव्हतं. ती जागा बदलून दुसऱ्या भाड्याच्या घरात गेली हे त्याला माझ्याकडून कळलं. तिला ताप येऊन गेला तेही माझ्याकडून. संध्याकाळी मी तिच्याशी फोनवर बोलत असले की तो पेपर उघडून बसायचा आणि पान उलटायचाच नाही. मी म्हणायची, "घे, बोल." तो मान हलवायचा. एका वाक्यात तो सुटला असता. गुंडप्पाच्या हॉटेलात जाऊन म्हणायचं, की माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही, तर मला बातमी कुठून असणार? पण ते वाक्य त्याच्या जिभेवर येईना. सगळा गाव समजतो, की लेक बापाला सगळं सांगते. हा गैरसमज त्याला छळत होता आणि मनातून कुठेतरी गोडही लागत होता, असं मला वाटतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि तोंड दाबणारा हात त्याचाच होता.

संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधी देवश्रीचा मला दुपारी फोन आला. कामाच्या वेळेत ती कधी करत नाही. आवाज बारीक.

"आत्या, एक मेसेज फिरतोय. तुला वाचून दाखवते." आणि तिने वाचला. 'घरची पक्की बातमी. अव्वल सायबाची देवश्री मेघांकुरच्या हिशेबात हाय. अव्वल आज उजवीकडं. डोळे झाकून घ्या.'

मी विचारलं, "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"माझ्याकडे नाही, आमच्या कायद्याच्या विभागाकडे आलंय. कुणीतरी पुढे पाठवत पाठवत तिथपर्यंत गेलं. त्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, तुमच्या गावातून एवढ्या लोकांनी शेअर का घेतलेत? मी काय सांगू, आत्या? वडील दुधाला जातात म्हणून? निकाल लागल्यावर ते ठरवणार आहेत. माझी नोकरी जाईल. नुसती ही नाही, पुढे कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही." मग थोडं थांबून तिने विचारलं, "अण्णांनी कुणाला काही सांगितलं का गं?"

"काय सांगणार? तू त्याला काही सांगितलंस का?"

"नाही. पण दसऱ्याला बोललेच ना. आणखी काही रचून सांगितलं असेल तर?"

"मग त्यालाच विचार."

"मला भीती वाटते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

असले मेसेज गावात फिरवणारा युवराजच, म्हणून मी तशीच पायात चपला सरकवून त्याच्या दुकानात गेले. तो एका मोबाईलला काच चिकटवत होता. मी म्हटलं, "युवराज, तुला सातवीत त्रैराशिक येत नव्हतं, आणि आता लोकांना शेअरचं भविष्य सांगतोस?"

"बाई, त्रैराशिक आलं असतं तर म्या हितं काचा लावत बसलो असतो व्हय?"

"तो मेसेज आत्ताच्या आत्ता काढून टाक. माझ्या पोरीची नोकरी जाईल."

तो खरंच ओशाळला. पोरगा वाईट नाही, अकलेने कमी आहे. त्याने माझ्यासमोर मेसेज पुसला. म्हणाला, "पर बाई, आता पुसून काय उपेग? कुठं कुठं गेला आसंल." मी निघाले तशी दुकानातला दुसरा एक जण त्याला विचारत होता, "बाई एवढ्या चिडल्या म्हंजे बातमी खरीच आसंल, न्हाय का रं?" मी परत फिरून त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण म्हटलं, माझ्या सुनावण्याचाही हे भाव काढतील.

दादाला सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं, नोकरीचं, कायदेवाल्यांचं. तो ऐकत होता. "आणि तिला वाटतंय, की तू काहीतरी बोलला असशील," असं मी म्हटलं तेव्हा त्याने चष्मा काढला.

"तिला असं वाटलं?"

"अख्ख्या गावाला वाटतंय. तिला वाटलं तर काय नवल?"

"गावाचं सोड, वनू. तिला वाटलं?"

त्या दिवशी तो जेवला नाही. पुढचे दोन दिवसही नुसता ताटाशी बसून उठला.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी त्याने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दार उघडलं. मी मागेच होते. समोर बाक गच्च भरलेला, कारण दुसऱ्या दिवशी निकाल, आजचं वळण शेवटचं. युवराज होता, जावयाला घेऊन शरणबसप्पाही आले होते. गुंडप्पाच्या हातातलं चहाचं फडकं तसंच लोंबत होतं. दादा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग सरळ समोर चालत गेला, रस्ता ओलांडून, थेट हॉटेलात. चिंतामणी सरळ चालत आलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. लोक उठून उभेच राहिले.

"बसा," दादा म्हणाला. "मला एकदाच सांगायचंय. माझी मुलगी दसऱ्यापासून माझ्याशी बोललेली नाही. फोन नाही, काही नाही. तिच्या कंपनीच्या आकड्यांचं सोडा, ती रोज जेवते की नाही तेसुद्धा मला ठाऊक नाही. तुम्हाला वाटतं की ती मला सगळं सांगते. सांगत असती तर फार बरं झालं असतं. मी दुधाला जातो तेव्हा फक्त दुधाला जातो. तिच्या पोटावर पाय देऊ नका, एवढंच."

इतकं लांब भाषण त्याने निवृत्तीच्या समारंभातही केलं नव्हतं. शरणबसप्पा पुढे आले, दादाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याचा हात तसाच धरून राहिले. 'गोड बोला' म्हणायचं त्यांनाही सुचलं नाही. मी दारातून बघत होते. मला रडू आलं, ते काही मी लपवत नाही. म्हटलं, चला, अब्रू गेली ती गेली, पण आता तरी या लोकांच्या डोक्यात उजेड पडेल.

उजेड! संध्याकाळी माझ्या मैत्रिणीने मला मेसेज पाठवला. खाली तिचं रडकं चित्र. 'अव्वल सायबाची पोरगी दसऱ्यापासून बापाशी बोलत न्हाय. ती जेवती का न्हाय तेबी ठाऊक न्हाय म्हनले. अव्वल आज हॉटेलात रडले. म्हंजे कंपनीत आत लई गडबड हाय. हाय न्हाय ते सगळं विका.'

तो रडला नव्हता. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्याने आयुष्यभर झाकून ठेवलेली जखम चारचौघांत उघडी केली, आणि या मेल्यांनी तिचाही भाव काढला! मी दादाला मेसेज दाखवला नाही. पण त्याला कळलंच, कारण सकाळी गल्लीत त्याच्याकडे बघणारे चेहरे असे होते, की जणू घरात कुणी गेलंय आणि त्यामुळे त्यांचा फायदा झालाय.

त्या संध्याकाळी निकाल लागला. निकाल उत्तम. नफा सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त. टीव्हीवर कोट घातलेले जाणकार आदल्या दिवसापासून 'वर, वर' करत होते, त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, तर शेअर धाडकन खाली. का, तर कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज जरा हात राखून सांगितला म्हणे. लगेच तेच जाणकार 'हे होणारच होतं' म्हणायला लागले. मला बाजारातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं, की तेही कुणाच्या तरी चपलांकडेच बघत बसलेले असतात. आमच्या लोकांना निदान चपला कुणाच्या ते ठाऊक आहे.

गावात आनंदीआनंद. आदल्या दिवशी विकून मोकळे झालेले सगळे वाचले. दुपारी गुंडप्पा स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला. म्हणाला, "अव्वल, तुमी बोललाव म्हनून गाव वाचलं. तुमचा शब्द लई मोठा."

"मी काय बोललो होतो, गुंडप्पा?" दादाने विचारलं.

"तेच की. पोरीचं."

दादाने पुडा घेतला, शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि आत येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. मी त्याच्याकडे फिरकले नाही. खरं सांगितलं तरी माणूस सुटत नाही.

दिवेलागणीला त्याचा फोन वाजला. फोनवर देवश्रीचं नाव होतं. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि घाईत भलतंच बटण दाबलं, त्यामुळे आवाज खोलीभर झाला.

"अण्णा," ती म्हणाली, "मी जेवते. रोज वेळेवर जेवते. आत्तासुद्धा जेवूनच फोन केलाय."

मग ती एकटीच बोलत राहिली. दुसरा मेसेजही कंपनीत पोचला होता. कायदेवाल्यांपैकी एक बाई आपल्याच भागातल्या होत्या, त्यांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. तिला विचारलं, की हे खरं आहे का? तुमचं घरी बोलणंच होत नाही? तिने मान खाली घालून हो म्हटलं. फोनच्या नोंदी बघितल्या, त्यातही दसऱ्यापासून तिचा बापाला एक फोन नाही. आत्याला होते, पण आत्याची विचारपूस म्हणजे भाजी कोणती केली इथपर्यंतच असते, हे त्यांनाही पटलं असावं. चौकशी तिथेच मिटली.

"तुम्ही सगळ्या गावासमोर बोललात म्हणून माझी नोकरी राहिली, अण्णा. आणि मी मात्र आत्याला विचारलं, की तुम्ही काही बोललात का." ती रडायला लागली.

"अगं, तू आधी पाणी पी," दादा म्हणाला. शंभर दिवसांनी मुलीशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

बराच वेळ बोलत होते दोघं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कुकर लावला. झालं ते चांगलंच झालं, असं म्हणून मी हात झाडून मोकळी होणार होते, पण माझं डोकं तसं नाही. भात शिजेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की हे फार अवघड होऊन बसलंय. पोरीची नोकरी राहिली ती बाप-लेकीचं बोलणं नाही म्हणून. आता यांचं बोलणं सुरू झालंय हे गल्लीला कळलं, की गल्ली म्हणणार, सगळं ठीक झालं, घ्या शेअर. परत मेसेज. परत ती पुण्याला मान खाली घालून उभी, आणि तेव्हा कुणी तिचं ऐकून घेणार नाही.

सकाळी दादा लवकर उठला. दाढी केली. तोंडातल्या तोंडात कसलीशी आरती गुणगुणत होता. चेहरा असा, की वहिनी असती तर तिने दृष्ट काढली असती. दुधाची बरणी घेऊन तो दाराशी गेला. मी आडवी झाले.

"असा बाहेर जाऊ नकोस."

"का?"

"तोंड बघ आरशात. समोर सगळे बसलेत. तोंड पाड आधी."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्याने प्रयत्न करून पाहिला. ओठ खाली ओढले, कपाळाला आठ्या घातल्या, पण डोळे काही ऐकेनात. मलाच हसू यायला लागलं. एवढ्या सगळ्या वैतागात ते एक हसू काय ते माझ्या वाट्याला आलं.

"किती दिवस असं करायचं?" त्याने विचारलं.

"एप्रिलचा निकाल लागेपर्यंत."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर जुलैचा असतो."

त्याच्या डोळ्यांतलं हसू विझलं. मग त्याने दार उघडलं. आता त्याला तोंड पाडायची गरज उरली नव्हती. तो उंबऱ्याबाहेर पडला आणि दूध आणायला उजवीकडे वळला. समोर गुंडप्पाच्या बाकावर कुणीतरी बशी खाली ठेवली आणि फोन काढला.